रंध्याच्या लाटा आणि पुलीचे दोन सूत

मशीनवर रंधा मारलेली फळी हातानं चाचपली तर गुळगुळीत लागते. पॉलिशचा पहिला हात बसला आणि खिडकीतून तिरपं ऊन आलं, की त्याच फळीवर आडव्या लाटा उठून दिसतात. पन्हाळी पत्रा लहान करून चिकटवलाय असं वाटावं. गिऱ्हाईक काही बोलत नाही, नुसतं बोट फिरवतं. मग पाती काढायची, धार लावून आणायची, बसवायची. नव्या धारेला आपणही जरा जपून, हळू ढकलतो, त्यामुळे चार दिवस बरं दिसतं. पाचव्या दिवशी पुन्हा लाटा. आमच्या शेडमध्ये हा खेळ आठ महिने चालला. तुमच्याकडेही असंच चाललं असेल आणि मधे कधी रंध्याची मोटार बदलली असेल, तर पाती जरा बाजूला ठेवा आणि पुढचं वाचा.

आमची शेड खानापूर तालुक्यात, बेळगावला जाणाऱ्या रस्त्याला लागून. काम चौकटी-दारांचं, अधूनमधून देव्हारे. लाकूड सागवान, फणस आणि मत्ती. मशीन म्हणजे १२ इंची जुना विलायती रंधा, सगळं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, आणि पाती धरून फिरणारा गोल ब्लॉक, त्यात पाती दोन. मामांनी तो एका बंद पडलेल्या कारखान्यातून वजनावर घेतला होता. मूळचा हा पट्ट्यावर चालणारा, म्हणजे छताला लांब शाफ्ट आणि तिथून चामड्याचा सपाट पट्टा खाली. ती सपाट पुली कधीच भंगारात गेली आणि तिच्या जागी व्ही बेल्टची पुली आली. कंपनीचं नाव घासून गेलंय, पण पितळी पट्टीवर ब्लॉकचा वेग मिनिटाला ४५०० फेरे हा आकडा अजून वाचता येतो. जुन्या मशीनवर अशी पट्टी असेल तर ती शोधाच. बहुतेक वेळा रंगाच्या दोन-तीन थरांखाली दडलेली असते. तारेचा ब्रश मारू नका, आकडे जातात. थिनरचं फडकं पुरतं.

मी दोन वर्षं गोव्यात फर्निचरच्या कामाला होतो. परत आलो तर मशीन तेच, जागा तीच, आणि फळ्यांवर लाटा. मामा पात्यांवर खापर फोडत होते. मीही त्यांच्या मागून तेच केलं. पाती दोनदा बदलली, ब्लॉकची बेअरिंगं बदलली, टेबलाची पातळी धरून बघितली. या सगळ्यात गेलेल्या पैशाचा हिशेब मामींना अजून सांगितलेला नाही.

लाटा मोजल्या आणि फसलो

एक पातं एकदा लाकडावरून गेलं की एक उथळ खळगा पडतो. दोन खळग्यांमधलं अंतर काढायला लाकूड मिनिटाला किती सरकतं त्याला मिनिटाला किती काप होतात त्यानं भागायचं. मी सवयीनं एक मीटर फळी साधारण दहा सेकंदांत ढकलतो, म्हणजे मिनिटाला ६ मीटर, म्हणजे ६००० मिलिमीटर. ब्लॉक ४५०० नं फिरतोय आणि पाती दोन, तर काप ९०००. अंतर आलं ०.६७ मिलिमीटर. इतक्या जवळच्या लाटा पॉलिशखाली बहुधा दिसत नाहीत.

फळीवर पेन्सिलीची शिस आडवी धरून हलकेच घासली की लाटांची टोकं काळी होतात आणि मोजता येतात. माझ्या फळीवर १३ मिलिमीटरमध्ये दहा लाटा निघाल्या. म्हणजे अंतर १.३, हिशेबाच्या दुप्पट. आणि अंतर दुप्पट झालं की खळग्याची खोली चौपट होते, म्हणून तर उन्हात इतकं स्पष्ट दिसतं.

इथंच मी फसलो, आणि माझ्यासारखे पुष्कळ फसत असतील. दोन पात्यांपैकी एक केसभर जरी वर बसलं, तरी खूण तेवढं एकच पातं सोडतं. दुसरं नुसतं मागून जातं. मग ४५०० वर चालणाऱ्या चांगल्या मशीनवरही अंतर ६००० भागिले ४५०० म्हणजे १.३३ येतं. ब्लॉक निम्म्या वेगानं फिरत असेल आणि दोन्ही पाती नीट कापत असतील, तरीही तेच १.३३. फळीकडे बघून दोघांतला फरक कळतच नाही. पाती वरखाली बसणं हा रोजचा अनुभव, त्यामुळे सगळे पात्यांकडे बोट दाखवतात. लाटांवरून एवढंच कळलं की काहीतरी निम्मं आहे. काय निम्मं आहे, ते फळी सांगत नाही.

मोटारीच्या पायाखाली

उत्तर सापडलं ते झाडू मारताना. मोटारीच्या पायाखालच्या अँगलमध्ये बोल्टच्या भोकांचे दोन संच होते. एक जुने, व्यवस्थित ड्रिलनं पाडलेले आणि रिकामे. दुसरे गॅस कटरनं जाळून केलेले, वेडेवाकडे, बाहेरच्या बाजूला. मग पुली काढून बघितली. पुलीच्या बोरात, म्हणजे शाफ्ट बसायच्या भोकात, नवी चकचकीत कड होती, कुणीतरी लेथवर बोर मोठा केला होता. व्हर्नियर लावला, २८ मिलिमीटर.

मामांना विचारलं, "मामा, मोटार कधी बदलली तुम्ही?"

"गेल्याच्या गेल्या पावसात जळाली न्हवं का? गिरणीची एक मोटार पडून होती तीच घातली. का रे? तीन एचपी जाऊन तीन एचपीच घातलीया की."

मोटार गुंडाळणाऱ्यानंही त्यांना तेच सांगितलं होतं, की एचपी सारखा असला म्हणजे झालं. मी त्या माणसाला दोष देत बसत नाही, पण हे वाक्य आपल्याकडे वेदवाक्य असल्यासारखं फिरतं आणि ते अर्धंच खरं आहे. एचपी म्हणजे मोटार किती काम ओढणार ते. ती किती वेगानं फिरणार ते आतल्या पोलांच्या, म्हणजे चुंबकी ध्रुवांच्या, संख्येवर आणि विजेच्या सायकलवर (आपल्याकडे सेकंदाला ५०) ठरतं. १२० गुणिले ५० करा आणि पोलांनी भागा. दोन पोलांची मोटार ३०००, चार पोलांची १५००, सहा पोलांची १०००. लोड घेतला की मोटार थोडी मागे पडते, म्हणून प्लेटवर २८८०, १४४०, ९६० असे आकडे असतात. पिठाच्या गिरणीला १४४० ची मोटार चालते. रंध्याच्या मूळ मोटारीचा वेग कुणी विचारलाच नव्हता.

बोल्टची भोकं आणि बोर ही त्याचीच साक्ष होती. तीन एचपीची दोन पोलांची मोटार हल्लीच्या मापात बहुधा ९० च्या फ्रेमची येते आणि तिचा शाफ्ट २४ मिलिमीटर असतो. त्याच ताकदीची चार पोलांची १०० च्या फ्रेमची असते, शाफ्ट २८. फ्रेमचा आकडा म्हणजे मोटारीच्या पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची, मिलिमीटरमध्ये. तेव्हा पाया बदललेला, शाफ्टची उंची वाढलेली आणि पुलीचा बोर वाढवलेला दिसला, तर प्लेट नसली तरी बरंच काही कळतं. आमच्या मोटारीच्या प्लेटवर तर हिरवा ऑइल पेंट मारलेला होता.

खात्री करायला फेरे मोजणारा टॅकोमीटर नव्हता. तेव्हा एक जुनी युक्ती केली. त्यासाठी चोकवाली जुनी ट्यूबलाइट हवी. नव्या एलईडीचा भरवसा नाही. ही ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते, डोळ्याला ते कळत नाही एवढंच. बेल्ट उतरवा, पुलीच्या तोंडावर मध्यापासून कडेपर्यंत खडूची एकच जाड रेघ मारा, बाकीचे दिवे बंद करा, दार लोटून घ्या आणि मोटार एकटीच चालू करा. आमच्या पुलीवर एका रेघेच्या चार रेघा दिसल्या, अधिकच्या चिन्हासारख्या. चार दिसल्या म्हणजे १५०० ची मोटार. समोरासमोर दोनच दिसल्या असत्या तर ३००० ची. सहा दिसल्या तर १००० ची. आणि ते चिन्ह जागच्या जागी उभं राहत नाही, फिरण्याच्या उलट दिशेला हळूहळू सरकतं. त्याला एक पूर्ण फेरी घ्यायला सहा सेकंद लागले, तर मोटार १५०० पेक्षा दहानं मागे आहे, म्हणजे १४९०. मामा शेजारी उभे होते. बराच वेळ बघून म्हणाले, "चार हाईत की रे."

याच प्रकाशात फिरतं करवतीचं पातं कधीकधी उभं असल्यासारखं दिसतं. जिथं कटर मशीन चालतं तिथं नुसती एकच ट्यूब ठेवू नका.

गणित पात्याकडून सुरू करायचं

आपण नेहमी मोटारीपासून सुरुवात करतो. मोटार आहे ही, पुली आहे ही, चला बसवू. त्याच्या उलट जायला हवं. आधी पात्याची धार कुठल्या वेगानं लाकडात गेली पाहिजे ते ठरवायचं, त्यावरून ब्लॉकचे फेरे काढायचे, आणि मोटारीची पुली सगळ्यात शेवटी. आमच्या बाबतीत पहिलं काम पितळी पट्टीनंच करून ठेवलं होतं, ४५००. सूत्र एवढंच: मोटारीचे फेरे गुणिले मोटारीची पुली बरोबर ब्लॉकचे फेरे गुणिले ब्लॉकची पुली.

मोटारीवरची पुली पावणेपाच इंच, ब्लॉकवरची तीन. २८८० च्या मोटारीला हे ४५६० येतं, म्हणजे मूळ जोडणी बरोबर होती. १४४० ला तेच २२८०. इथंच सगळ्या लाटांचा उगम.

आता दोन रस्ते होते. मोटार तीच ठेवून तिच्यावर मोठी पुली घालायची, किंवा २८८० ची मोटार आणायची. पहिला रस्ता स्वस्त वाटला. हिशेब केला, ब्लॉकवर तीन इंच, तर मोटारीवर ९ इंच ३ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, एका ओळखीच्या टर्नरकडून बिडाची पुली करून आणली. उसन्या टॅकोमीटरनं ब्लॉक तपासला तर लोड नसताना ४८६० दाखवतोय. मोटार मोकळी १४९० नं फिरते हे धरलं तरी ४६५० च्या वर जायला नको होता. पुन्हा पुली घेऊन उद्यमबागेत.

टर्नर कन्नड घरातले, वयानं मामांच्या बरोबरीचे. पुली हातात घेऊन त्यांनी एकच विचारलं, "तम्मा, व्यास कुठनं मोजलास?"

"बाहेरनं. कडेपासून कडेपर्यंत."

"बेल्ट कडेवर बसतो का रे?"

गोष्ट एवढीच होती. व्ही बेल्टचा खरा व्यास पुलीच्या बाहेरच्या कडेवर नसतो. बेल्टच्या आतल्या ताण घेणाऱ्या दोऱ्या जिथून जातात तिथं तो मोजायचा. ए सेक्शनच्या, म्हणजे अरुंद मापाच्या, बेल्टला बाहेरच्या मापातून साधारण दोन सूत, म्हणजे पाव इंच वजा करायचं. त्याहून रुंद बी ला तीन सूत धरलं तरी चालतं. मोठ्या पुलीतून दोन सूत गेले तर फरक पडत नाही, पण तीन इंचीतून गेले तर ती पावणेतीनची होते, आणि चुकीचा सगळा भार लहान पुलीवर येतो. मी ९ इंच ३ सूताला ३ नं भागत होतो. खरं गणित ९ इंच १ सूताला पावणेतीननं भागायचं होतं. पहिलं ३.१२ येतं, दुसरं ३.३२. त्यात बेल्ट चालताना एखाद-दीड टक्का मागे राहतोच, तोही धरायचा. मूळच्या पावणेपाचच्या पुलीचाही हिशेब मी कडेवरूनच केला होता, पण तिथं दोन पुल्यांच्या मापात फरक कमी असल्यानं चूक लपून गेली. त्यांनी लेथवर खाच खोल करून पुली बाहेरून बरोबर ९ इंचावर आणली. लोडवर ४५०० च्या आसपास आला. सपाट पट्टा असेल तर हिशेब उलटा असतो: तिथं पुलीच्या व्यासात पट्ट्याची जाडी मिळवायची.

वेग आला, बेल्ट घसरायला लागला

लाटा गेल्या. पण सागाची रुंद फळी लावली की किंचाळी, रबराचा वास आणि ब्लॉक ढिला. घट्ट केला तर बेअरिंग तापतं.

अशा वेळी ओळखायचं कसं की बेल्ट घसरतोय की मोटारच दमतेय? लोडवर दोन्ही टोकांचा वेग बघा. ब्लॉकचा बराच उतरला आणि मोटारीचा जागेवर, तर बेल्ट. दोन्ही सोबत उतरले तर मोटार किंवा वीज. गावाकडे वोल्टेज पडतं तेव्हा मोटारीचा वेग फारसा कमी होत नाही, जोर कमी होतो, आणि तो वर्गानं कमी होतो: वोल्टेज दहा टक्के उतरलं तर जोर एकोणीस टक्के. संध्याकाळी सगळे पंप एकदम चालू झाले की ओव्हरलोड ट्रिप होतो तो यामुळे. त्यावर पुली बदलून काही होत नाही.

आमच्याकडे बेल्टच होता, आणि कारणं एकावर एक होती.

पहिलं म्हणजे नऊ इंची आणि तीन इंची पुली अवघ्या बारा इंचांवर. लहान पुलीला बेल्टची मिठी अर्ध्या फेरीची, म्हणजे १८० अंशांची हवी. या जोडीत ती १५० च्या आसपास उरते. दुसरं, ए सेक्शनचा एकच बेल्ट. लहान पुलीवर एकटा ए बेल्ट तीन एचपी ओढायला कमी पडतो, दोन हवेत. आणि तिसरं मला बोटानंच कळलं. ब्लॉकवरच्या जुन्या पुलीच्या खाचेचा तळ आरशासारखा चकाकत होता. व्ही बेल्ट बाजूच्या भिंतींवर पाचरीसारखा अडकून ओढतो, तळाला तो कधीच टेकता कामा नये. तळ चकाकतोय म्हणजे भिंती झिजल्यात आणि बेल्ट खाली बसलाय. अशा पुलीवर कितीही नवे बेल्ट घाला, महिन्याभरात तेच. बेल्टवर राळ किंवा साबण चोळणारे भेटतील. तो उपाय संध्याकाळपर्यंतचा.

कुणी सुचवेल की मोटारीवर मोठी पुली मावत नाही तर ब्लॉकवरची लहान करा. ए बेल्टला तीन इंचाच्या खाली नेऊ नका. इतक्या लहान वळणावर तो आतल्या बाजूनं तडकतो. बी सेक्शन असेल तर पाच इंच धरा. अडीच इंचीवर चालवलेला एक बेल्ट मी खुंटीला टांगून ठेवलाय, आतून तो मगरीच्या पाठीसारखा दिसतो.

एका रेषेचं कामही राहून जातं. दोन्ही पुल्यांच्या तोंडांवरून दोरी ताणून धरा. चार जागी टेकली पाहिजे. आमच्या गॅस कटरच्या भोकांमुळे मोटार दोन सूत तिरकी बसली होती, आणि बेल्टच्या एका बाजूची काळी पूड रोज टेबलाखाली जमत होती. ती पूड आम्ही रोज झाडायचो आणि कधी कुणी विचारलं नाही की ही येते कुठून.

शेवटी जे बसवलं

शेवटी पहिला रस्ता सोडला आणि दोन पोलांची वापरलेली मोटार आणली, ३ एचपी, २८८०. मोटारीवर दोन खाचांची बिडाची पुली, बाहेरून ४ इंच ५ सूत. ब्लॉकवर दोन खाचांची नवी, बाहेरून ३ इंच. दोन सूत वजा करून ४.३७५ भागिले २.७५, गुणिले २८८०, त्यातून बेल्टचा दीड टक्का गेला की ४५१०. दोन पुल्यांमध्ये आता फार फरक नाही, त्यामुळे मिठी १७० अंशांच्या वर आणि बेल्ट ओरडत नाही. बेल्ट ए-३४, दोन, एकाच वेळी घेतलेले. एक जुना आणि एक नवा कधी लावू नये, सगळा ताण नव्यावर येतो. ए नंतरचा आकडा ही बेल्टची आतली लांबी इंचात. ताण एवढाच ठेवला की मधोमध अंगठ्यानं दाबलं तर पाच मिलिमीटरच्या आसपास दबावा.

मोटार जोडल्यावर ती कुठल्या बाजूला फिरते ते बेल्ट घालायच्या आधी बघा. तीन फेजमध्ये कुठल्याही दोन वायरी अदलाबदल झाल्या की दिशा उलटते, आणि उलट फिरणारा रंधा कापत नाही, फळी हातातून हिसकतो. पहिल्यांदा चालू करताना बाजूला उभे राहा, समोर नाही.

वेग वाढवताना हात आखडता ठेवा. वेग जास्त म्हणजे काम चांगलं हे इथं लागू नाही. ब्लॉकचा वेग दहा टक्के वाढवला की पात्यांना बाहेर ओढणारा जोर एकवीस टक्के वाढतो, आणि तो जोर धरून ठेवणारे बोल्ट तेच जुने. मशीन व्हाइट मेटलच्या, म्हणजे मऊ धातू ओतलेल्या जुन्या बेअरिंगवर असेल तर पट्टीवरच्या आकड्याच्या वर जाऊच नका. आणि ब्लॉक गोल नसून चौकोनी असेल, तर पुलीचा विचार सोडा, आधी ब्लॉक बदला. चौकोनी ब्लॉकमध्ये टेबल आणि पात्याच्या मधे एवढी मोकळी जागा असते की बोट आत जातं. आमच्या भागात असे दोन रंधे अजून चालू आहेत आणि दोन्हीकडच्या मिस्त्रींची बोटं पुरी नाहीत.

इतर मशीनींचे आकडे वेगळे. बँडसॉला लाकडासाठी पात्याचा वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास ठेवतात. २४ इंची चाक असेल तर ते ६२५ फेऱ्यांना येतं. तिथं १४४० च्या मोटारीऐवजी चुकून २८८० ची बसली तर चाकाची कड सेकंदाला ४० मीटरवर जाते, आणि बिडाची चाकं नि पुल्या ३० मीटरच्या पुढे नेऊ नयेत. म्हणजे आमच्या उलट चूक. तिथं लाटा उठत नाहीत, चाक फुटू शकतं. बारा इंची गोल करवत २८८० वर थेट लावली तरी कड ४६ मीटरवर राहते, ते ठीक. पण पात्यावर कोरलेला कमाल आकडा वाचून घ्या. पाळण्याचे खांब कातायच्या मशीनला व्यास इंचात गुणिले फेरे हा गुणाकार ६००० ते ९००० मध्ये ठेवला की जमतं, म्हणून तर तिथं पायऱ्यांची पुली असते.

गोव्याकडून कधीकधी अमेरिकन मशीन येतं. त्याच्या मोटारीवर १७२५ किंवा ३४५० लिहिलेलं असलं की समजा ती ६० सायकलची आहे. आपल्या विजेवर ती सहातल्या पाच हिश्शांनी चालते, १७२५ ची १४४० च्या जवळ. मशीनवरची पुली त्या मापानं सहाला पाच, किंवा मोटारीकडची पुली वीस टक्क्यांनी मोठी करावी लागते. मोटार ठेवायची की नाही हे वोल्टेजवर. ११५ वोल्टची सिंगल फेज असेल तर ती काढा आणि इथली बसवा, पुढची कटकट वाचते.

विजेची सायकल कमी-जास्त करणारा ड्राइव्ह लावून वेग वाढवावा का, असं परवा शेजारच्या शेडमधल्या पोरानं विचारलं. लहान फरकाला चालतं. पण ५० सायकलच्या वर गेलं की मोटारीचा जोर घटत जातो, आणि १४४० ची मोटार रेटून ३००० करणं म्हणजे तिची बेअरिंगं आणि पंखा ज्यासाठी केलेच नाहीत ते काम त्यांना लावणं. सिंगल फेजवरून तीन फेज करणारा लहान ड्राइव्ह घेणार असाल तर मोटारीची आतली जोडणी स्टारची डेल्टा करून घ्यावी लागते. तीन एचपीपर्यंतच्या आपल्या मोटारींत बहुधा ते जमतं. झाकण उघडून सहा वायरी बाहेर आल्यात का तेवढं बघा.

नव्या जोडणीवर पहिली फळी फणसाची घेतली. शिस घासून लाटा मोजल्या तर अंतर पुन्हा १.३ च निघालं. दहा मिनिटं मी मशीनकडे नुसता बघत उभा होतो. मग उंचीतला बारीक फरक दाखवणारा डायल लावला, एक पातं खरंच केसभर वर होतं. ते खाली घेतलं, पुन्हा फळी, पुन्हा शिस, आणि ०.७ च्या आत आलं. मामा लांबून म्हणाले, "मी म्हणत हुतो ना, पातीच हाईत म्हणून."

आता मशीनच्या पायावर पांढऱ्या ऑइल पेंटनं लिहून ठेवलंय: मोटार ३ एचपी २८८०, मोटार पुली ४ इंच ५ सूत, ब्लॉक पुली ३ इंच, बेल्ट ए-३४ दोन, ब्लॉक ४५००. खाली मामांनी त्यांच्या अक्षरात एक ओळ घातलीय: गिरणीची मोटार घालू नये.